रिकाम्या जागेला ऊब राहत नाही

पहिल्यांदा फोन आला तेव्हा मी तो कापला. दुसऱ्यांदा आला तेव्हा चार शब्द सुनावून कापला. पलीकडचा माणूस हिंदीत सांगत होता, "अंकल जी, मनोहर सर की तबीयत बिगड़ गई है, आप हॉस्पिटल आ जाइए." आता तुम्हीच सांगा, असले फोन हल्ली कुणाला येत नाहीत? तुमचा मुलगा पोलिसांनी धरलाय, तुमचा भाऊ ॲक्सिडेंटमध्ये सापडलाय, लगेच या, लगेच पाठवा... मी म्हणलं, "बेटा, दूसरा घर देख. इधर चौकीदार रहता है." तिसरा फोन रेवतीचा. रेवती म्हणजे मास्तरची जुनी विद्यार्थिनी, अमरावतीकडची, आता स्वतःच पीएचडीची डॉक्टर होऊन त्याच्याबरोबर काम करणारी. ती नुसती "काका..." म्हणाली आणि थांबली. तेव्हा मला कळलं. खोटं बोलणारा माणूस असा मधेच थांबत नाही. तो भराभर बोलतो.

मास्तर म्हणजे माझा मेव्हणा, मनोहर. माझी बायको शालन, तिचा धाकटा भाऊ. मी त्याला मास्तर म्हणायचो आणि तो मला दाजी. मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या संस्थेत तो शिकवायचा, संशोधन करायचा. लग्न केलं नाही. शालन गेल्यावर मी एकटा पडलो आणि त्याच्याकडं चंडीगडला राहायला आलो. दोन म्हातारे, एक वरच्या मजल्याचं घर. तो गेल्याला आता काही आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी रेवतीला त्याच्यावर लिहायला सांगितलं होतं. ती म्हणाली, घरातला माणूस काकांनाच माहीत, ते लिहितील. मी सातवी शिकलेला. शुद्धलेखन पुरवणीवाल्यांनी बघावं. बाकीचं माझं आहे.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पिंपरीजवळच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी गेटवर गेली. सुटीचा भोंगा झाला की कामगार रांगेनं बाहेर पडायचे आणि मी प्रत्येकाची पिशवी, प्रत्येकाचा डबा उघडून बघायचो. "रिकामा आहे की, जाऊ द्या," म्हणायचे. मी म्हणायचो, "रिकामा का भरलेला ते मी ठरवणार." कारण डब्याच्या तळाला दुसरा पत्रा बसवून त्याखाली पितळेचे तुकडे घालून नेणारे मी पकडलेत. वरून बघितलं तर डबा चाटूनपुसून लख्ख. हातात घेतला की जड. तेव्हापासून कुणी 'रिकामं' म्हणलं की माझे कान टवकारतात. नोकरी सुटली तरी ही खोड सुटली नाही. चंडीगडला पहिल्यांदा आलो तेव्हा सगळे रस्ते सरळ, सगळे चौक गोल, सगळी घरं सारखी. मला चार दिवस दाट संशय होता की रिक्षावाला मला एकाच सेक्टरमधून फिरवून आणतोय. मास्तर पोट धरून हसला होता. म्हणाला, "दाजी, तुमी नकाशावर बी विश्वास ठिऊ नका." म्हणलं, "नकाशा कुणी काढलाय ते मला माहीत आहे का?"

पण मी चंडीगडला आलो ते एकटा पडलो म्हणून नाही. मास्तरला तसं वाटायचं, वाटू दिलं. मला शालननं पाठवलं होतं. त्यांची आई गेली तेव्हा मनोहर रांगत होता. शालन चौथीत होती, वर्गात पहिली. तिनं पाटी ठेवली आणि भावाला कडेवर घेतलं ते तो कॉलेजला जाईपर्यंत उतरवलं नाही. लग्न होऊन माझ्याकडं आली तर सोबत हा, दप्तर घेऊन. माझ्या घरात दिव्याखाली बसून तो शिकला. पुढं मोठमोठ्या ठिकाणी गेला, परदेशात गेला, आणि दर दिवाळीला यायचा तेव्हा शालन विचारायची, "मनू, तू करतोस काय नेमकं?" तो सांगायचा. ती मान हलवायची. रात्री मला म्हणायची, "मला काही कळलं नाही हो. पण काहीतरी असेलच की." शेवटच्या आजारात तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "तुम्ही जा त्याच्याकडं. बघा तो काय करतोय. तुम्हाला खोटं लगेच कळतं. माझी शाळा कुठं गेली तेवढं बघून या." ...ती थट्टेत बोलली का खरं, मला अजून सांगता येत नाही. पण सांगितलेलं काम करायची मला सवय. मी आलो.

आल्या आल्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विचारलं, "मास्तर, तुझा विषय काय?" तो म्हणाला, "रिकामी जागा." मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणलं, हा मला खुळा समजतोय. पण तो गंभीर होता. आतून दोन काळसर काचा घेऊन आला, गॉगलच्या काचेसारख्या, पण चौकोनी, पोस्टकार्डाएवढ्या. एक खिडकीपुढं धरली. बाहेरचं झाड अंधूक दिसलं. दुसरी तिच्यावर आडवी धरली. झाड गेलं. सगळा अंधार. "पहिल्या काचेतनं उजेड उभा होऊन जातो," तो म्हणाला, "दुसरी आडव्यालाच सोडती. म्हणून कायबी येत न्हाई." मग त्यानं माझ्या हातात प्लॅस्टिकची फूटपट्टी दिली, शाळेतली असते तसली, पारदर्शक. म्हणाला, "घाला मधी." मी दोन काचांच्या मधे पट्टी सरकवली, आणि त्या अंधारात पट्टीएवढाच उजेड आला, निळा, पिवळा, गुलाबी. पट्टीत तर काही रंग नव्हता. मी काढून बघितली, पुसून बघितली, परत घातली. परत रंग. त्याचं म्हणणं असं, की पट्टी उभ्या उजेडाला जरासा पिळते, म्हणून तो दुसऱ्या काचेतून निसटतो.

"आता पट्टी काढा," तो म्हणाला. "समजा मधी काय बी न्हाई. हवा बी उपसून काढली. आन् त्या रिकाम्या जागेत लेसरचा असा जबरदस्त उजेड मारला, की दुनियेत तसला कुठं मिळायचा न्हाई. तर ती रिकामी जागाच पट्टीगत वागती. दुसरा बारीक किरण तिच्यातनं सोडला तर तो पिळला जातो, आन् गळती होती. इवलीशी."

"कुणी बघितलंय?"

"तशी समोरासमोर अजून कुणी न्हाई."

"मग तुला कसं ठाऊक?"

"गणित म्हणतंय."

माझा संशय तिथंच पक्का झाला. जे कुणी बघितलं नाही, ते दिसेल म्हणून हा माणूस पगार घेतोय. मी म्हणलं, "मास्तर, काहीच नाही त्याला उजेड पिळायला येतं कसं? काही नाही म्हणजे काही नाही." तो म्हणाला, रिकाम्या जागेत अगदीच काही नसतं असं नाही. लहान लहान कण जोडीनं उपजतात आणि पकडायच्या आत नाहीसे होतात, असं गणित सांगतं. एरवी त्यांचा पत्ता लागत नाही. पण जबर उजेड आला की त्यांना धक्का बसतो. मी म्हणलं, "म्हणजे डब्याला चोरकप्पा आहे म्हण." तर हा उठून उभाच राहिला. "व्हय दाजी, चोरकप्पाच!" पुढं तो वर्गात मुलांना माझ्या डब्याची गोष्ट सांगायचा म्हणे. मला ते आवडलं नव्हतं. आपल्याला फितवायला कुणी आपलीच गोष्ट आपल्याला विकतंय असं वाटायचं.

त्याच्या कामाचा खरा दिवा, म्हणजे तो जबर लेसर, इथं नव्हता. तो परदेशात, एका मोठ्या इमारतीत. एवढी इमारत आणि दिवा लागतो किती वेळ? डोळ्याचं पातं लवतं त्याचे कोटी कोटी तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याएवढा. मी म्हणलं, "एवढ्यात काय बघणार तू? आमच्याकडं लाइट जाताना सुद्धा जास्त वेळ लुकलुकते." वर्षातून काही आठवडे तो तिकडं जायचा, बाकी इथं बसून गणितं, आणि लॅबमध्ये ती गळती ओळखायची कशी त्याची तालीम. मी अधूनमधून डबा घेऊन संस्थेत जायचो. जेवण द्यायचं निमित्त. खरं म्हणजे बघायला. तिथली पोरंपोरी "नमस्ते अंकल जी" म्हणत चहा द्यायची. कुणी लपवल्यासारखं दिसलं नाही. पण चोर लपवल्यासारखा दिसतच नाही, हे मला कुणी सांगायला नको.

मग ती गळती सापडली. तिकडून आकडे आले, रेवती पळत घरी आली, हातात जिलेबीचा पुडा. "काका, तोंड उघडा आधी! दिसलं! सरांना दिसलं!" तिच्या डोळ्यांत पाणी. मी जिलेबी घेतली आणि आत जाऊन शालनच्या फोटोपुढं ठेवली. तिला म्हणलं, बघ, आहे. तुझी शाळा वाया गेली नाही. बाहेर आलो तर मास्तर खिडकीजवळच्या त्याच्या वेताच्या खुर्चीत बसलेला, उन्हाकडं पाठ करून. जिलेबीला हात लावला नव्हता. मी म्हणलं, "खा की. का उपास आहे?" तो म्हणाला, "लई लवकर दिसलं, दाजी. लई ठळक बी हाय." त्यानंतर तो काही दिवस धड जेवला नाही, बोलला नाही. तिकडच्या लोकांशी फोनवर इंग्रजीत भांडायचा. मला इंग्रजी कळत नाही, भांडण कळतं. माझा असा ग्रह झाला की ते लोक ह्याचं नाव काढून टाकायला बघताहेत. मी म्हणलंसुद्धा, "मास्तर, गप बसू नको. तुझं आहे ते तुझं."

एका दुपारी तो घरी आला आणि खुर्चीत बसून म्हणाला, "गळती खरी न्हाई."

"कशावरनं?"

"दिवा इझल्यावर बी चालूच हाय."

मग त्यानं समजावलं. रिकामी जागा पिळणार ती फक्त जबर उजेड आहे तेवढ्यापुरती. उजेड गेला की त्याच क्षणी ती परत होती तशी. पण ह्यांच्या यंत्राला दोन्ही बाजूंनी काचेच्या खिडक्या आहेत, किरण आत-बाहेर जायला. त्यातल्या एका खिडकीची चौकट कुणीतरी जास्त आवळलेली होती. आधीच ताणलेली काच, तिच्यावर त्या मोठ्या दिव्याचा थोडा सांडलेला उजेड पडायचा, ती किंचित तापायची आणि फूटपट्टीसारखी उजेड पिळायची. दिवा विझला तरी ताप उरायचा, म्हणून गळतीही उरायची. "रिकाम्या जागेला ऊब राहत न्हाई, दाजी," तो म्हणाला. "काचेला राहती."

मी चिडलो. फार चिडलो. म्हणलं, "तुला हे कुणी विचारलं होतं?" म्हणाला, "कुणी न्हाई. मीच विचारलं." म्हणलं, "सगळे खूश होते, छापून येणार होतं, तूच कशाला उकरलंस? अरे, तुझ्या अक्कानं शाळा सोडली ती ह्याच्यासाठी?" तो अक्का म्हणायचा तिला. ते नाव काढलं तसा तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी गेटवर हुता. तुमच्या सख्ख्या भावाचा डबा जड लागला असता तर? आता अक्काच्या फोटोपुढं खोटा डबा ठिऊ का?" एवढं बोलून तो उठला, फोटोपुढची वाळून गेलेली जिलेबी घेतली आणि खाली गाईला घालून आला.

मला पटलं असं मी सांगणार नाही. पटलं नव्हतं. माझा संशय होता की ह्याच्यावर दाब आला, ह्यानं गपगुमान माघार घेतली आणि मला गोष्ट बनवून सांगितली. पुढं त्याचं काम चालूच राहिलं, नव्या खिडक्या बसवल्या, परत मोजलं, ती गळती गेली. म्हणजे त्याच्या हातात परत काही नाही. मी मनात शालनला म्हणायचो, थांब, अजून तपास चालू आहे. आणि मग त्या सकाळी तो संस्थेच्या जिन्यात बसला तो उठलाच नाही. धुकं होतं त्या दिवशी, हॉस्पिटलात पोचायला वेळ लागला. मी गेलो तेव्हा त्याच्या पायात बूट तसेच होते.

दहाव्यानंतर गावाकडून सुभाषचा फोन आला. सुभाष म्हणजे मास्तरच्या भावकीतला, त्यांच्या गावचा सरपंच. गावातल्या शाळेच्या एका खोलीला मनोहरचं नाव द्यायचं ठरलेलं. "दाजी, फलकावर दोन वळी पायजेत. मनोहरदादांनी नेमका कसला शोध लावला? 'प्रकाशाचा थोर शोध लावणारे' असं टाकू का? पाहुणे येणार हायत उद्घाटनाला." ज्या शाळेतून शालन चौथीत उठली तीच शाळा. मला मोह झाला, का खोटं बोलू. कोण जाणार होतं तपासायला? गावात ते गणित कुणाला येतंय? तिच्या भावाचं नाव, खाली 'शोध लावला', आणि तिची पाटी कुठं गेली त्याचं उत्तर भिंतीवर. मी सुभाषला म्हणलं, थांब, सांगतो.

त्याच आठवड्यात रेवती आली, मास्तरच्या खोलीतली लॅबची उपकरणं परत न्यायला. जाताना मी दारात उभा राहिलो. म्हणलं, "पिशवी उघड." ती बघतच राहिली. मग हसली आणि रडलीही. "काका, माझीही पिशवी बघून राहिले तुम्ही?" म्हणलं, "सगळ्यांची बघतो." तिनं एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवली. त्यात त्या दोन काळसर काचा होत्या. मी म्हणलं, ह्या लॅबच्या नाहीत, ह्या घरच्या. तिनं ठेवून दिल्या. मग मी तिला खाली बसवलं आणि जे मास्तरला कधी सरळ विचारलं नव्हतं ते विचारलं. "खरं सांग. त्यानं माघार घेतली का त्याला घ्यायला लावली?"

"घ्यायला लावली? उलट सगळे त्यांना गप्प बसवत होते. मीसुद्धा. मला राग आला होता सरांचा, माझं नाव होतं त्याच्यात. तिकडचे दोघं तर अजून आमच्याशी बोलत नाहीत."

"आणि ती गळती? खरी कुणाला सापडली का पुढं?"

"नाही काका. अजून नाही. लोक करून राहिले. आमचंही चालू आहे. पण आता कुणालाही काही दिसलं ना, की पहिला प्रश्न हाच. दिवा विझल्यावर बघितलं का? हा सरांचा प्रश्न आहे."

तिनं गोड करून सांगितलं नाही, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला. तरी सुभाषला फोन केला नाही. म्हणलं, एक प्रश्न म्हणजे काही शोध नाही. फलकावर तो कसा शोभणार?

आणि मग खुर्ची. मास्तर गेल्यापासून त्या खुर्चीत मी बसलेलो नाही, खालच्या पंजाबी बाईंनी कपड्यांचा गठ्ठा तिच्यावर ठेवला तर मी तो उचलून ठेवला. रेवती गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी केर काढत होतो, खुर्ची सरकवायला पाठीला हात लावला. कोमट होती. नुकतं कुणी उठून गेल्यासारखी. मी झाडू हातात घेऊन तसाच उभा. तोंडातून निघून गेलं, "मास्तर?" ...घरात कुणी नाही. मी वेड्यासारखा हात तिथंच ठेवून होतो. मनाला फार बरं वाटत होतं. शालनला सांगावं असं वाटत होतं, आहे गं, आहे.

आणि मग मला त्याचाच आवाज आठवला. लई लवकर दिसलं, दाजी. लई ठळक बी हाय.

मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. पूर्ण, फट न ठेवता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जाऊन पाठीवर हात ठेवला. गार. वेत नुसता गार. मी खूप वेळ उभा राहिलो, म्हणलं, हाताला कळत नसेल, म्हातारा हात आहे. दुसरा हात ठेवून बघितला. तोही गार. खोटं सांगण्यात अर्थ नाही. ऊन होतं ते. पण ते बघायला मला पडदा ओढावा लागला, आणि तो ओढायचं माझ्या मनात नव्हतं. मास्तरनं तर स्वतःची गळती तपासायला तो जिलेबी वाटून झाल्यावर ओढला होता, सगळ्यांच्या देखत. शालनची शाळा कुठं गेली, ते मला त्या गार खुर्चीपाशी कळलं.

सुभाषला फोन लावला. म्हणलं, "घे लिहून. मनोहर यांनी रिकाम्या जागेतून प्रकाश कसा जातो याचा आयुष्यभर शोध घेतला. सापडला नाही. सापडला असं ते म्हणाले नाहीत." "दाजी... असं फलकावर कोण लिहितं व्हय? लोक हसतील की." म्हणलं, "हसू देत. आणि त्याच्या नावाच्या आधी शालनचं नाव टाक. चौथीपर्यंत इथं शिकली म्हणून टाक." तो कुरकुरला. पण लिहून घेतलं, परत वाचून दाखवायला लावलं मी. फलक लागला की फोटो पाठव म्हणलंय. लावला म्हणेल आणि दुसरंच काहीतरी रंगवेल, मी ओळखतो त्याला.

त्या दोन काचा मी खिडकीत ठेवल्यात, एकीवर एक आडवी. मधे काही नाही, म्हणून अंधारच दिसतो. येता-जाता बघतो. पडदा मात्र आता उघडा असतो. सकाळी ऊन येतं, वेत तापतो. केर काढताना मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतो. उन्हाची ऊब आहे ती, मी तपासलंय. तरी हात लगेच काढत नाही.